तेल सांगणाऱ्या आक्का

घर भाड्यानं देण्याआधी आक्कांनी माझ्या स्कूटरचं तेल बघितलं. मी हातात आधार कार्ड, ऑफिसचं पत्र आणि गारगोटीच्या मामांची ओळखीची चिठ्ठी धरून उभी होते. त्यातल्या एकाही कागदाकडं त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. अंगणात उकिडव्या बसल्या, स्कूटरच्या पोटाखालची तेलाची पट्टी उपसली, तिच्या टोकावरचा थेंब अंगठा आणि बोटात धरून चोळला, नाकाशी नेला आणि मान वर करून म्हणाल्या, "शर्यतीला उतरणार हाईस काय गं?"

"नाही हो. इथं कोल्हापुरात विमा कंपनीत लागलेय. ऑफिसला जाणार."

"मग हे शर्यतीचं तेल कुणी घातलं हिच्यात?"

मी सांगितलं, दुकानदारानं दिलं, सगळ्यात महाग होतं, डब्यावर चौकटीचौकटीच्या झेंड्याचं चित्र होतं. आक्का उठल्या. अंगठा पदराला न पुसता तसाच हवेत धरून मला म्हणाल्या, "शर्यतीचं तेल म्हंजे लग्नातलं जेवण. एका दिवसाला झकास. रोज खाल्लंस तर पोट बिघडतंय. घाण धरून ठेवायचं औषध त्यात कमी असतंय. शर्यत झाली की काढून टाकायचं असतंय ते. तू काय रोज संध्याकाळी काढून टाकणार हाईस?"

खोली मला मिळाली, पण तेल बदलायच्या अटीवर. भाडं, पाणी, रात्री फाटक कधी लावायचं असल्या किरकोळ गोष्टी त्यांच्या यजमानांनी, म्हणजे तात्यांनी, चहा देता देता उरकून घेतल्या.

आक्का तेव्हा साठी ओलांडलेल्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या भाजीवाल्याशी त्या गॅलरीतून घासाघीस करायच्या. सुती साडी, घट्ट अंबाडा आणि उजव्या हाताचा अंगठा कायमचा काळा. त्या अंगठ्याचे ठसे घरभर होते. कपबशीवर, पेपरच्या कडेला, देवघरातल्या दिव्याच्या बटणावर. तात्या म्हणायचे, "आमच्या घरात चोरी झाली तर पोलीस पहिल्यांदा हिलाच धरतील."

मला मुळातच चौकशा फार. आणि आक्का म्हणजे चौकशांना नुसतं कुरण. पहिली चौकशी अर्थातच जीपची. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी डिझेल जीप होती, टप नसलेली, बसणाऱ्याच्या डोक्यावर जाड लोखंडी नळ्यांचा सांगाडा ठोकलेली. ही जीप आक्कांनी घेतली ती एका सरकारी लिलावात. गेल्या होत्या शाळेसाठी जुनी शिलाई मशिनं घ्यायला. मशिनं काही मिळाली नाहीत.

"मी दार उघडलं तर दारात जीप, आणि जीपमध्ये ही," तात्या सांगायचे. "चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चहा टाका."

आक्कांना विचारलं, अहो पण जीपच का? तर म्हणाल्या, "कुणी बोलीच लावंना तिच्यावर. बिचारी उन्हात उभी हुती."

हे कारण मला कधी पटलं नाही. पण त्यांचं माहेर कागलकडचं, उसाचं गुऱ्हाळ असलेलं, आणि चरकाच्या इंजिनाच्या आवाजावर झोपायची सवय लागलेली पोरगी पुढं काय करेल ते सांगता येत नाही, असं तात्यांचं म्हणणं होतं. त्या जीपनं आक्का दरवर्षी एका घाटातल्या शर्यतीत उतरत. पश्चिमेकडच्या एका घाटात ही शर्यत व्हायची. पायथ्याहून एकेक गाडी सोडायची, माथ्यावर घड्याळ लावून माणूस उभा, ज्याला कमी वेळ लागला तो पहिला. जुन्या गाड्यांचा गट वेगळा. त्या गटात आक्का चौथ्या आल्या होत्या, तिसऱ्या आल्या होत्या, दुसऱ्याही आल्या होत्या. पहिल्या कधीच नाही.

"या वयात पहिलं यायचंच कशाला?" मी एकदा विचारलं. हा प्रश्न कोल्हापुरात विचारायचा म्हणजे धाडसच, पण आक्का चिडल्या नाहीत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी शिकवलं, भाताला पाणी किती, कणकेला मोहन किती. पोरी शिकल्या, लग्न करून गेल्या. माझं बरोबर आलं का चुकलं, कुणी कवा मोजलं? जेवणारा जेवून उठतो, हात धुतो. तिथं वर घड्याळवाला माणूस उभा असतोय. त्यो मोजतोय."

मागच्या पडवीत त्यांची दुसरी चूल होती. म्हणजे एक रॉकेलचा जुना स्टोव्ह, दोन लांब दांड्याच्या पळ्या आणि फळीवर तेलाचे डबे. नवं कुठलं तेल आलं की आक्का ते आधी पळीत गार घेऊन ओतून बघायच्या, मग तेच तापवून ओतायच्या आणि दोन्ही वेळची धार डोळे बारीक करून न्याहाळायच्या. डब्यावरचे आकडे काय असतात ते मी तिथंच शिकले. पंधरा-चाळीस, वीस-पन्नास, शून्य-वीस. "पैला आकडा गाडी गार असतानाचा. जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर हालतंय. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. जितका मोठा, तितकं तेल तापूनबी दाट ऱ्हातंय. दुकानदार काय सांगतोय ते सोड. आपल्याकडं काय बर्फ पडतोय व्हय?"

पण म्हणून त्या सगळ्यांना जाड तेल सांगायच्या असं मुळीच नाही. नवी कोरी गाडी घेऊन एक तरुण आला होता, मोबाइलवर कसला तरी व्हिडिओ बघून. त्याला वीस-पन्नास घालायचं होतं, इंजिन जास्त टिकतं म्हणून. आक्कांनी त्याला गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढायला लावलं. ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा निघालेलं नव्हतं.

"ज्यांनी गाडी केली त्यांनी लिवलंय न्हवं हितं? शून्य-वीस. मग तेच घाल. तिच्या बारीक नळ्यांत जाड तेल घालून तिचा जीव घेतोस काय? माझ्याकडं कशाला आलास? माझ्याकडं ज्याचं पुस्तक हरवलंय त्यांनी यायचं."

पुस्तक हरवलेली माणसं भरपूर होती. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत जुन्या गाड्यांची रांग लागायची. आजोबांची मोटारसायकल घेऊन येणारे नातू, लग्नात भाड्यानं द्यायची उघडी मोटार घेऊन येणारे हौशी लोक, शेतावरच्या जुन्या ट्रॅक्टरचा फोटो दाखवून तेल विचारणारे. आक्का ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या. तेल विकत नव्हत्या, कुणाकडून काही घेत नव्हत्या, पण एक पद्धत मात्र पक्की होती. गाडीकडं बघायचंच नाही. माणसाकडं बघायचं आणि प्रश्न विचारायचे.

"गाडी किती वर्षं तुमच्याकडं हाय? आधी कोण चालवत हुतं? उभी किती दिवस हुती? सकाळी चालू केल्या केल्या पळवता काय? रोज किती लांब जाता? तेल कवा बदललं? काय घातलं हुतं?"

जुन्या इंजिनाला नवं तेल एकदम घालू नका, हा त्यांचा लाडका उपदेश. नव्या तेलात धुऊन काढायचं औषध भरपूर असतं आणि जस्त कमी केलेलं असतं. जुन्या इंजिनात लोखंडावर लोखंड घासतं, त्याला जस्त लागतं. शिवाय आत वर्षानुवर्षांचा गाळ बसलेला असला, तर नवं तेल तो खरवडून काढतं आणि मग तो जाऊन नको तिथं अडकतो. हे सांगताना त्या हातानं नरड्याशी खूण करायच्या.

आणखी एक उपदेश सकाळचा. गाडी चालू केल्यावर तेल वरपर्यंत चढायला वेळ लागतो, तेवढा तिला द्यायचा. तेवढा म्हणजे किती? तर "जोतिबाच्या नावानं चांगभलं" असं सावकाश दोनदा म्हणायचं आणि मग गिअर टाकायचा. त्यामुळं सकाळी आमच्या गल्लीतून कामाला निघालेली माणसं गाडीवर बसून चांगभलं म्हणत असायची. नव्यानं राहायला आलेल्या एका बिऱ्हाडाला वाटलं, गल्ली फारच देवभोळी आहे.

आक्कांचा त्यांच्या प्रश्नांवर फार विश्वास. मी एकदा विचारलं की आक्का, माणसं खोटं बोलत नाहीत का? गाडीचं झाकण उघडून सरळ आतच का बघत नाही? त्या हसल्या. "अगं, मास्तरीण हाय मी. शिरा करपवून पोरगी म्हणायची, बाई, गॅसच मोठा हुता. नजर बघून कळायचं मला. माणूस खोटं बोललं की कळतंय." त्यात गर्व होता, आणि तो त्यांना शोभतही होता, कारण त्यांचं खरोखरच चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी शर्यतीची पत्रकं आली आणि त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की जुन्या गाड्यांचा गट यंदा शेवटचा. पुढच्या वर्षापासून बंद. आक्कांनी ते पत्रक दोनदा वाचलं आणि त्या शेडमध्ये गेल्या. त्यानंतर महिनाभर जीपचं इंजिन खाली उतरलेलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाशी एक मिस्त्री होते, त्यांच्याकडं ते पूर्ण खोललं, धुतलं, घासलं, नवी बेअरिंग बसवली. आक्का रोज स्टूल घेऊन तिथं बसायच्या. एका रविवारी इंजिन परत चढलं तेव्हा त्यांनी शर्यतीचं तेल स्वतःच्या हातानं ओतलं, आणि आवाज ऐकायला मला जिन्यावरून हाका मारून खाली बोलावलं. मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, पण तो आवाज खरंच गोड होता. तात्यासुद्धा पेपर खाली ठेवून म्हणाले, "यंदा येती बघ पहिली."

नेमक्या त्याच रविवारी पेठ वडगावचे दूधवाले आले. चाळिशीचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीत पोचवायचं त्यांचं काम. त्यांची गाडी म्हणजे आक्कांच्याच जीपची बहीण, तेच इंजिन, फक्त मागं कॅन ठेवायला लांब केलेली. पहाटे गार इंजिन लवकर उचलत नाही, ही त्यांची तक्रार.

आक्का घाईत होत्या. जीप घाटात नेऊन बघायची होती, मिस्त्री वाट बघत उभे होते. तरी त्यांनी सगळे प्रश्न विचारले.

"तेल कवा बदललं?"

"बदलतोय की वेळच्या वेळी."

"काळंमिट्ट होतंय काय?"

"न्हाय वं आक्का. बरं असतंय."

मी शेजारीच उभी होते. त्यांची नजर जराही हलली नाही. आक्का म्हणाल्या, "इंजिन राखलंय तुमी. मग जस्त असलेलं नवं पातळ तेल घाला. पहाटे लगेच उचलंल." आणि तेलाचं नाव सांगून त्या जीपमध्ये चढल्या. ते पावणं हात जोडून निघून गेले.

आठवडाभरानं त्यांचा फोन आला. हातकणंगल्याच्या रस्त्यावर गाडी जाम झाली होती, कॅन भरलेले होते आणि ऊन चढत होतं. मी त्या दिवशी रजेवर होते. आक्का म्हणाल्या, "चल." आम्ही पोचलो तेव्हा ते रस्त्याच्या कडेला कॅनवर ओला टॉवेल टाकून उभे होते. आक्कांनी इंजिनाकडं पाहिलंही नाही. आधी कॅन आपल्या जीपमध्ये चढवायला लावले. टप नाही, मागं जागा नाही, म्हणून दोन छोटे कॅन माझ्या मांडीवर. दोन खेपांत दूध डेअरीत पोचवलं आणि मग दोर लावून त्यांची गाडी ओढत आमच्या मिस्त्रींकडं आणली.

मिस्त्रींनी इंजिनाखालची तेलाची टाकी, तिला ते चेंबर म्हणतात, खोलून खाली घेतली. आत तेल शोषून घेणारी एक जाळी असते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळ्या, चिकट गाळाचा थर बसला होता, करपलेल्या खिरीच्या तळासारखा. वर्षानुवर्षांचा गाळ पातळ तेलानं आठवड्यात खरवडून काढला होता आणि तो जाऊन जाळीत बसला होता. तेल वर चढायचं थांबलं, आणि कोरड्या इंजिनानं तसंच धावून स्वतःचा जीव घेतला होता. आत सगळं घासलं होतं, चिकटलं होतं, फाटलं होतं.

आक्कांनी बोट घालून तो गाळ काढला आणि अंगठ्यानं चोळून बघितला. तेव्हा ते पावणं खाली मान घालून बोलले.

"आक्का, मी कवाच बदललं न्हाय तेल. कमी झालं की वरनं ओतायचो. गाडी घेतल्यापास्नं तेच. तुमी एवढ्या माणसांत विचारलंसा. सगळी ऐकत हुती. लाज वाटली."

मला त्यांचा इतका राग आला की मी काहीतरी बोलणारच होते. दर रविवारी शिकवणी घेतल्यासारख्या आक्का हेच तर ओरडून सांगायच्या, जुना गाळ, नवं तेल, आणि हा माणूस समोर बसून खोटं बोलला होता. पण आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प झाले.

"लाजणारच की माणूस," त्या म्हणाल्या. "गाळ लाजत न्हाय. मी झाकण उघडून बघायला पायजे हुतं. चूक माझी हाय."

आणि मग त्यांनी ते केलं जे फक्त आक्काच करू जाणे. पुढच्या रविवारी ओट्यावर उभं राहून, गाड्यांची रांग लागलेली असताना, त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐका सगळ्यांनी. माझ्या सांगण्यावरनं एका माणसाचं इंजिन गेलं. मी न बघता तेल सांगितलं. आजपास्नं कुणालाबी काय विचारणार न्हाय. झाकणं उघडा." रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडं बघितलं. दूधवाल्यांचं नाव काही त्यांनी घेतलं नाही. त्या दिवसापासून प्रश्न गेले आणि आक्का प्रत्येक इंजिनात बोट घालून बघू लागल्या. आजही तसंच करतात, असं तात्या फोनवर सांगतात.

पण तो रविवार यायच्या आधीचे दिवस फार वाईट गेले. त्या जुन्या इंजिनाचे भाग कुठंच मिळेनात. मिस्त्रींनी चारी दिशांना फोन लावले, जो तो म्हणे बघतो, शोधतो, महिना दोन महिने लागतील. आणि दूध तर रोज सकाळी येतं. म्हणून आक्का पहाटे उठून स्वतःच वडगावला जायला लागल्या. शर्यतीसाठी सजवलेल्या जीपमध्ये शेजारी दूधवाले, मागं कॅन. एका खेपेत निम्मेच मावायचे, म्हणून दोन खेपा. दुसरी खेप उशिरा पोचायची. चौथ्या दिवशी डेअरीतून निरोप आला की दूध वेळेवर पोचत नसेल तर ती वाट दुसऱ्या गाडीला देतील. ती वाट गेली की त्या माणसाचं घर कशावर चालणार, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी आक्का शेडमध्ये जीपच्या बॉनेटला टेकून उभ्या होत्या. मी आणि तात्या दारात. शर्यत पंधरवड्यावर आली होती.

तात्या फार हळू म्हणाले, "शर्यत होऊ दे की. मग दे तुझं इंजिन त्यांना."

"दूध शर्यतीसाठी थांबतंय काय?"

"ती पावणं स्वतः म्हणाली न्हवं, शर्यत करा म्हणून."

"म्हणतील की. चांगली माणसं हाईत ती."

आक्का बॉनेटवरनं हात फिरवत होत्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. आवाज न करता, तोंड तसंच ठाम ठेवून. मला जवळ जाऊन त्यांना धरावंसं वाटलं. पण आक्कांना कोण धरणार? मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि गालावर काळा पट्टा उमटला, आणि त्या मला म्हणाल्या, "मिस्त्रीला हाक मार गं. म्हणावं, साखळीची कप्पी घेऊन ये."

आक्कांच्या जीपचं इंजिन उतरलं आणि दूधवाल्यांच्या गाडीत चढलं. ते पावणं मिस्त्रींच्या दुकानात एका कोपऱ्यात उभे होते, टॉवेल डोक्यावरनं काढून हातात पिळत. शर्यतीचं तेल काढून टाकलं. आता इंजिन नवं धुतलेलं, स्वच्छ. पहाटे लगेच उचलायला जस्त असलेलं पातळ, नवं तेलच त्याला उत्तम, हे एव्हाना मलासुद्धा कळत होतं. आक्का फळीवरच्या डब्यांसमोर उभ्या राहिल्या. एक उचलला, परत ठेवला. मग वळून दूधवाल्यांना म्हणाल्या, "तुमी सांगा. कुठलं घालू?"

मी वर्षानुवर्षं नाही, तरी कितीतरी महिने तिथं काढले होते. आक्कांनी कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ते पावणं गडबडले. मिस्त्रींकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "आक्का, खरं सांगतो. मी विसरतो. पहाटे उठतो, दूध, डेअरी, परत म्हसरं. तेल डोक्यात ऱ्हात न्हाय. विसरणाऱ्या माणसाला चालंल असलं काय असंल तर द्या."

कितीतरी दिवसांनी आक्कांचा चेहरा सैल झाला. "हे पैल्यांदाच सांगायचं," त्या म्हणाल्या. त्यांनी डबा निवडला, इंजिनासाठी सगळ्यात उत्तम असलेला नव्हे, जास्त दिवस दम धरणारा. आणि वर बजावलं, दर अमावास्येला गाडी घेऊन यायची, बोट घालून बघणार. "अमावास्या इसरत न्हाईसा न्हवं? म्हसरांचा नारळ फोडता न्हवं गोठ्यात त्या दिवशी?" ते म्हणाले, व्हय, नारळ फोडतो की. "मग नारळ फोडला की हिकडं या."

शर्यतीच्या दिवशी रविवारच होता. मला वाटलं होतं, आक्का आज दार लावून बसतील, किंवा निदान बघायला म्हणून तरी घाटात जातील. उजाडायच्या आधीच त्यांनी जिन्यातून हाक मारली. "स्कूटर काढ. वडगावला जायचंय."

आम्ही पोचलो तेव्हा दूधवाले गाडी गरम करत उभे होते. आक्का त्यांच्या शेजारी बसल्या, मी मागं कॅनच्या मधे. वाड्यावस्त्या एकेक येत होत्या, लोक चरव्या आणि किटल्या घेऊन रस्त्याला उभे होते. आक्का मान थोडी तिरकी करून नुसतं ऐकत होत्या. मला कुतूहल वाटत होतं की त्या काय ऐकताहेत, आणि विचारायची भीतीही वाटत होती.

शेवटची वस्ती एका टेकाडावर होती. वर जाणारा रस्ता चढणीचा, दोन वळणांचा, नुकताच डांबरी केलेला. चढण लागली तसे दूधवाले खालचा गिअर टाकायला गेले. आक्कांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या. ह्यातच चढतंय ते. दाबा."

"आक्का, कॅन हाईत मागं."

"मागं पोरगी हाय, ती धरंल. दाबा म्हणतो न्हवं!"

त्यांनी दाबला. मी दोन्ही हातांनी कॅनची कडी धरली. ते इंजिन एकदा खोल हुंकारलं आणि मग त्या गाडीनं जे काही केलं ते दूधगाडीनं करायचं काम नव्हतं. पहिलं वळण कधी गेलं कळलं नाही. दुसऱ्या वळणावर झाकणं खडखडली, माझ्या ओढणीवर दूध उडालं, दूधवाले मोठ्यानं काहीतरी ओरडले आणि ते भीतीचं ओरडणं होतं की आनंदाचं, मला आजही सांगता येणार नाही. आक्का समोरची दांडी धरून पुढं झुकल्या होत्या. वर पोचून गाडी थांबली तेव्हा समोर एक गोठा होता आणि गोठ्यात एक बाई म्हशीखाली बसली होती. तिनं गाडीकडं बघितलं आणि धार काढता काढताच म्हणाली, "आज लवकर आलासा!"

आक्का गाडीतून जवळजवळ बाहेर लोंबकळल्या. इतक्या अधीर झालेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"किती लवकर?"

"अवो, म्हस अजून निम्मीच पिळलीया की!"

आक्का खाली उतरल्या. गोठ्याच्या दाराशी जाऊन, साडी सावरून, दगडावर आरामात बसल्या. त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

"असू दे, असू दे," त्या म्हणाल्या. "सावकाश पिळ, बाई. आमी थांबतो."